'येणे'च्या पेटीतून सुटका मिळणेबाबत

प्रति,
मा. मुख्य नोंदणी अधिकारी,
क्रियापद विभाग, शब्दकोश कार्यालय

विषय : नातीच्या पत्रामुळे पुन्हा उघडलेल्या पेटीबाबत.
संदर्भ : आपली दि. ४ ची नोटीस.

महोदय,

१. अर्जदार एकवीस वर्षे लॅटिन 'वेनिरे', म्हणजे 'येणे', या एकाच क्रियापदाच्या नोंदींची पेटी सांभाळत आहे. इटालियन, स्पॅनिश, फ्रेंचमधली त्याची रूपे केव्हाच नोंदवून झाली. घोडे अडले ते माणसांनी रचलेल्या भाषांपाशी. एस्परान्तो झाली, इडो झाली. पुढे एका दंतवैद्याने खुर्चीतल्या रुग्णांसाठी भाषा केली, तिच्यातही हा शब्द आहेच. नवी भाषा करणाऱ्याला आधी कुणाला तरी बोलवायचेच असते, त्याला अर्जदार काय करणार?

२. सलग सहा महिने नवी नोंद न आल्यास पेटी बंद व लेखनिक मोकळा, असा नियम आहे. शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांना 'दूध काढणे' मिळाले होते. ते दोन वर्षांत सुटले. अर्जदाराची पत्नी मात्र चार वर्षे लेकीकडे वाट पाहत आहे. फोनवर म्हणते, "तुमचं ते 'येणं' आवरा आणि या एकदाचे!"

३. या खेपेस पाच महिने सत्तावीस दिवस भरले होते. अर्जदाराने सामानही बांधले होते. तेवढ्यात सात वर्षांच्या नातीचे पत्र आले. अर्जदार कार्यालयाच्या आवारातच राहत असल्याने त्याचे टपाल आधी आवक विभाग फोडतो. पोरीने स्वतःची भाषा रचून लिहिले होते, "आजो, वेनू!" आवक कारकुनाने तत्काळ 'नवीन भाषा, नोंद २१४' असा शिक्का मारला आणि वर अर्जदाराचे अभिनंदन केले. अर्जदाराने कपाळाला हात लावला. दोष त्याचाही आहे. दर रविवारी फोनवर पेटीतला शब्द तिला सांगायची हौस त्याचीच.

४. आपण नोटिशीत वाट दाखवलीत, त्याबद्दल आभार. निदान दोघांना कळते तीच भाषा. सबब 'सदर शब्दाचा अर्थ मला कळला नाही' असे अर्जदाराने लिहून दिल्यास नोंद रद्द होईल व तो सुटेल. छापील प्रतिज्ञापत्र तीन दिवस टेबलावर आहे. अर्जदाराने चार वेळा पेन उघडले. अखेर पत्नीला विचारले. ती म्हणाली, "खबरदार सही केलीत तर. पोरीला तोंड काय दाखवाल?"

५. तरी नोंद २१४ कायम करावी. सहा महिने आजपासून पुन्हा मोजावेत. भाषिकांच्या रकान्यात 'तीन' लिहावे. मला कळला आहे, आणि पत्नीलाही.

आपल्या कार्यालयात अद्याप हजर,
(सही)
लेखनिक, पेटी 'येणे'
दि. ७

सोबत : प्रतिज्ञापत्र, सही न केलेले.