काचेतला ठोका

अमरावती,
ता. ८ डिसेंबर १९५७

ती. पुंजाजीमामांस देवमनचा सविनय जयभीम. वि. वि. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. मामींचा गुडघा आता कसा आहे ते जरूर कळवा. पंचफुला मास्तरीण झाली, म्हणजे आता माझ्या चुकांवर लाल शाई फिरणार. तिला म्हणावं, भावाला जरा सवलत दे.

मी मोटारीचं वर्कशॉप सोडलं. रामराव म्हणून इथले संत्र्याचे बागाईतदार आहेत, विमान चालवायचा परवाना काढलेले. त्यांनी नांदगाव पेठच्या रस्त्याला एका गोदामात स्वतःचं विमान बांधलं आहे. लाकडी पट्ट्या आणि त्यावर ताणलेलं कापड. इंजिन एका संस्थानिकाच्या अडगळीतून आणलं, पहिल्या महायुद्धातलं. नऊ सिलिंडर, आणि पंख्याबरोबर अख्खं इंजिनच गरगर फिरतं! तुम्ही त्या लढाईत इराकात बसऱ्याला फौजेची असलीच इंजिनं सांभाळलीत असं आई सांगायची, म्हणून हे पत्र.

याला तेलाच्या दाबाचा काटा नाही. बसणाऱ्यासमोर एक काचेचा घुमट आहे, त्यात पंपाच्या दर झटक्याला एरंडेल वर-खाली उडतं. पाचेक मिनिटं हा ठोका चांगला पडतो, मग बारीक होतो, मग बंद. थांबवून तेलाची टाकी भरली की पुन्हा ठीक. रामराव म्हणतात काच जुनी झाली, काढून बूच बसव. मी नको म्हणालो तर हसले. माणूस वाईट नाही, जेवताना मला शेजारी बसवतात. पण चारचौघांत माझं ऐकत नाहीत. २६ जानेवारीला पाहुण्यांसमोर उडायचं ठरलं आहे. काच खोटं बोलते का, एवढं कळवा.

माया आहे तशीच राहू द्यावी.

आपला,
देवमन

जुने शहर, अकोला,
ता. १९ डिसेंबर १९५७

चि. देवमनले पुंजाजीचा आशीर्वाद अन् जयभीम. (बाबा बोलतात तसंच मी, पंचफुला, उतरवून घेते आहे. सुधारलं तर रागावतात.)

काच खोटं बोलत नाई. त्या इंजिनातलं तेल फिरून टाकीत येत नाई. जेवढं आत जाते तेवढं जळते, नाईतर बाहेर उडते. म्हून ठोकाच पाहाचा. ठोका थांबला म्हंजे इंजिन कोरडं चालून रायलं. लगेच काई होत नाई, म्हून मालकाले वाटते काच खराब. तेल घाण्यावरचं असन तर दोनदा कापडातून गाळ. पंपाकडची नळी जोडावर हवा घेते का, ते पाय. काच काढू देऊ नको.

आता दुसरं सांगतो. हे तुह्या मामीलेबी सांगितलं नाई. सन अठरात बसऱ्याले विमान उडोनारा एक गोरा साहेब होता, वीस-एकवीस वर्साचा. मले रोज आपणहून सलाम कराचा. एक दिवस इंजिन चालू होतं अन् मी पायरीवर चढून काच पुसून रायलो होतो. ठोका बंद पडलेला मले दिसला. मजुरानं साहेबासंगं बोलाचं नाई असा हुकूम होता. ज्याले सांगाचं तो हवालदार दूर होता. मी खाली उतरलो अन् हात पुसले. साहेब उडाला अन् खजुराच्या बनापलीकडे पडला. इंजिन आनाले मलेच धाडलं. आतून कोरडं होतं, काळं ठिक्कर. मले कोनी इचारलं नाई, मी कोनाले सांगितलं नाई. चाळीस वर्सं झाले.

तुले काहून सांगतो ते समजून घे. मामाले इसरू नको.

पुंजाजी

ता. क. बाबांना वाचता येत नाही, तरी कागद हातात घेऊन बराच वेळ पाहत होते. आईला मी काही बोललेली नाही. — पंचफुला

अमरावती,
ता. ३० जानेवारी १९५८

ती. मामांस सविनय जयभीम. वि. वि. तेल दोनदा गाळलं, नळीचे जोड आवळले. फरक पडला नाही. काच मात्र मी काढू दिली नाही.

२६ तारखेला पडीत रानावर रूळ फिरवून, खुर्च्या मांडून सगळी तयारी होती. रामराव आत बसून इंजिन तापवत होते, मी पंखाशी उभा, काचेवर नजर ठेवून. पाचव्या मिनिटाला ठोका बारीक झाला. त्यांनी चाकांखालचे ठोकळे काढायची खूण केली. मी हातानं नाही म्हणालो. त्यांनी पुन्हा खूण केली, तशी दुसरी माणसं वाकली. मग मी पायरीवर चढलो, आत हात घातला आणि पेट्रोलची चावी बंद केली.

रामराव खाली उतरले आणि सगळ्यांसमोर माझ्या तोंडात मारली. विमान कोणाचं आहे, असं विचारलं. मी टाकीकडे वळलो. तेल किती उरलं ते पाहावं म्हणून टाकीचं झाकण फिरवलं, तर आत हवा ओढल्याचा मोठा आवाज झाला. त्यांनाही ऐकू आला. झाकण नवं, पितळेचं. धूळ जाऊ नये म्हणून त्यांनीच रबर घालून करवून घेतलेलं. तेल कमी होई तशी आत यायला हवेला वाटच नव्हती, म्हणून पंपाला तेल ओढता येईना. मी खिळ्यानं झाकणाला भोक पाडलं, ते त्यांच्या हातात दिलं आणि पायी घरी आलो.

दुपारी ते उडाले. मी ओट्यावरून आवाज ऐकत होतो. नऊ मिनिटं, आवाज एकसारखा. दुसऱ्या दिवशी त्यांचा माणूस बोलवायला आला. मी येत नाही म्हणून सांगितलं.

आठवण असू द्यावी.

देवमन

अकोला,
ता. १६ फेब्रुवारी १९५८

चि. देवमन यास पंचफुलाचा जयभीम व आशीर्वाद (दोन महिन्यांनी का होईना, मोठी आहे मी). तुझं पत्र बाबांनी दोनदा वाचून घेतलं. दुसऱ्या वेळी आईला जवळ बसवलं आणि बसऱ्याची हकिकत स्वतःच तिला सांगितली. आई एवढंच म्हणाली, की इतके वर्सं एकटेच काहून घेऊन बसले.

तू कधी त्यांना बाबांबद्दल सांगितलं होतंस म्हणे, त्यावरून काल तुझे रामराव जीप घेऊन आमच्या गल्लीत आले. बाजेवर बसले, चहा घेतला. इंजिन सांभाळायला अमरावतीला चला म्हणाले. बाबा म्हणाले, मले आता काच दिसत नाई, इंजिनचा माणूस तुमच्याच गावात हाये. तो येत नाही, असं रामराव म्हणाले. बाबांनी विचारलं, मारलं तवा किती लोक होते? ते म्हणाले, चाळीसेक. मग तेवढ्यांसमोर बोला, अकोल्यात येऊन मले सांगून काय उपेग, असं बाबा म्हणाले. रामरावांनी कप खाली ठेवला आणि निघून गेले.

तुला काय वाटेल ते कर. बाबा सांगतात, मी त्यात पडत नाई.

तुझी बहीण,
पंचफुला

अमरावती,
ता. ६ मार्च १९५८

ती. मामा व मामी यांस सविनय जयभीम. पंचफुलाला मोठी म्हणून वेगळा जयभीम.

रविवारी रामरावांनी त्याच लोकांना त्याच रानात बोलावलं. मी कडेला उभा होतो. त्यांनी भाषण केलं नाही. देवमन नसता तर मी जिवंत नसतो, त्याले मारलं ते माझं चुकलं, एवढं बोलून खाली बसले. दोघं-तिघं उठून गेले. बाकीचे बसून राहिले.

सोमवारपासून कामावर जातो. आधी अट घातली, की माझा हात वर झाला की इंजिन बंद, मग समोर कोणीही बसलेलं असो. त्यांनी कबूल केलं. काल तालुक्याचे साहेब पाहायला आले होते. ठोका चांगला पडत होता. तरी मी हात वर केला. रामरावांनी इंजिन बंद केलं, आणि काहून म्हणून विचारलं नाही.

लेकरावर लक्ष असू द्यावं.

आपला,
देवमन