टाकीखालचा अर्धा इंची

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार
भिंत फोडून जुने गंजके लोखंडी पाइप काढले. टाकीपासून न्हाणीपर्यंत, स्वयंपाकघरापर्यंत सगळीकडं अर्ध्या इंचाचा प्लास्टिकचा टाकला — स्वतः, सत्तरीत! भोकरदनचा दुकानदार राधेश्याम बजावत होता, "मास्तर, टाकीखाली एक इंची घ्या. न्हाई तर एक नळ सोडला की दुसऱ्याचं पाणी तुटतंय." मी म्हटलं, घरात माणूस एकच. दुसरा नळ सोडणार कोण?

४ फेब्रुवारी
धार मोजायला मला घड्याळ लागत नाही. सातवीतली नदीची कविता म्हणतो. तीन कडव्यांत बादली भरली पाहिजे. आज दुसऱ्याच कडव्यात धार बारीक झाली — करंगळीएवढी. थोड्या वेळानं आपोआप पूर्ववत.

५ फेब्रुवारी
पुन्हा तेच. त्याच ओळीवर. ओल्या अंगानं स्वयंपाकघरात गेलो. नळ बंद. पण भांड्यांची मोरी ओली. चहा तर मी अजून केलाच नव्हता.
माझी बायको झुंबर नेमकी माझ्या अंघोळीच्या वेळी भांडी घासायची. मी ओरडायचो, पाणी तुटतंय! ती म्हणायची, तेवढीच तुमची कविता लांबंल. तिला जाऊन आठ महिने झाले.

६ फेब्रुवारी
जालन्याहून लेकीचा, तृप्तीचा फोन. मागे न्हाणीत पाणी येईना म्हणून हौदावरून बादली आणताना पडलो, ते ती विसरत नाही. रविवारी गवंडी घेऊन येणार. "आबा, न्हाणीत पाणी बराबर आलं तर भिंत बुजवून टाकू, तुम्ही ऱ्हावा तिथंच. न्हाई तर मंग बिलकुल ऐकणार न्हाई, गाडीत बसायचं."
धार तुटते ते सांगितलं. मोरीचं नाही सांगितलं.

७ फेब्रुवारी
टाकीखाली एक इंची जोडला. तीन कडवी — बादली काठोकाठ! एका ओळीवरही धार हलली नाही. राधेश्याम खरं बोलत होता. आता दोन नळ सोबत सोडले तरी एकाचं दुसऱ्याला कळायचं नाही.
स्वयंपाकघरात गेलो. मोरी कोरडी ठणठणीत. तिला मला छळताच येत नसेल, तर ती येईल कशाला?

८ फेब्रुवारी
आजही कोरडी.
दिवसभर उघड्या भिंतीतल्या त्या पाइपाकडं बघत बसलो. उद्या सिमेंट लागलं की झालं. एक इंची राहिला तर घर राहतं. अर्धा इंची लावला तर तृप्ती नेणार. चाळीस वर्षं पोरांना कविता शिकवली, पण हे गणित...

९ फेब्रुवारी, रविवार
सकाळी एक इंची कापून काढला. अर्धा परत जोडला.
तृप्तीनं दोन्ही नळ सोडून बघितले, न्हाणीतली धार तुटली. अंगणात गाडीत माझं सामान भरून राह्यली. मी म्हटलं, एवढी अंघोळ होऊ दे.
दुसऱ्या कडव्यात धार बारीक झाली. माझी पाचही कडवी म्हणून संपली, बादली अर्धीच.
स्वयंपाकघरातून पहिलं कडवं सुरू झालं.