कापसाची टोपी

उस्ताद, तुम्ही शिवलेली टोपी अजून माझ्याकडे आहे. चंद्रपूरला माझ्या मोटर वायंडिंगच्या दुकानामागे पत्र्याची शेड आहे, तिथं मी संध्याकाळी पोरापोरींना बॉक्सिंग शिकवतो. टोपी तिथंच खिळ्याला टांगलेली असते. कान झाकणारी, हनुवटीखाली नाडी, आत बोटभर जाड दाबलेला कापूस. घालत कोणी नाही. पंपाची मोटर घेऊन आलेला एखादा शेतकरी विचारतो, एवढी जड टोपी इथल्या उन्हाळ्यात कोण घालतं? आमच्या उस्तादांची आहे, एवढंच सांगून मी त्याच्या मोटरीकडे वळतो.

वरोऱ्याला जिनिंगच्या वाटेवर तुमचं दुकान होतं. दिवसा तुम्ही गाद्या भरायचात आणि संध्याकाळी मागच्या अंगणात आम्हाला बॉक्सिंग शिकवायचात. बाकी ठिकाणी पोरं आधी ठोसा मारायला शिकतात, तुमच्याकडे आधी खायला शिकायचं. मला उताणं निजवून तुम्ही सरकी भरलेला गोळा पोटावर सोडायचात, आधी वीतभर उंचीवरून, मग कमरेच्या, मग खांद्याच्या. तो पडेल त्याच क्षणी श्वास बाहेर, दात रुमालावर घट्ट. श्वास आत कोंडला तर आतडी ढवळून निघायची. दुसरा रुमाल हनुवटी आणि छातीच्या मध्ये धरायचा, तो पडला की पुन्हा पहिल्यापासून. मानेसाठी सरकीचीच थैली, डोक्याला पट्ट्यानं अडकवून वरखाली करायची. आणि डोळे. तुम्ही समोर उभे आहात, मूठ माझ्या नाकापर्यंत येते आणि थांबते, माझी पापणी लवते आणि तुम्ही हसता. "डोये मिटले तं मार जास्त लागते, बाबू. दिसलेला ठोसा अर्धाच असते."

हे सगळं बरोबर होतं. मी शिकलो ते कुठल्या संस्थेत जाऊन नाही. मोटर वायंडिंग जसं जळालेल्या मोटरी उघडून उघडून शिकलो, तसंच बॉक्सिंगचंही केलं. रद्दीतली पुस्तकं धुंडाळली, मोबाईलवर बाहेरदेशीचे सराव थांबवून थांबवून पाहिले आणि तुमचं एकेक शिकवणं त्यांच्याशी ताडून बघितलं. पोट, श्वास, मान, डोळे, ठोशाच्या दिशेनंच सरकणारं पाऊल, यातलं काही बदलावं लागलं नाही. टोपी तेवढी खिळ्याला गेली.

एका पोराची भुवई फुटली आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही ती टोपी शिवून आणलीत. "कापूस सारं पिऊन घेते," म्हणालात. भुवया फुटायच्या थांबल्या. दुखणंही कमी झालं, म्हणून आम्हीही थांबेनासे झालो. रोज सराव संपताना तुम्ही ती स्वतः घालायचात, हात खाली सोडायचात आणि एकेकाला अंगावर घ्यायचात. आम्ही बिचकलो की म्हणायचात, "मार ना बे, लाजतं काऊन? गादीच हाय हे." आम्ही हसायचो आणि मारायचो. जन्मभर तुम्ही कापसाला मार खाताना बघितलं होतं. गादी कितीही बडवा, उन्हात टाकली की पुन्हा फुगते. डोकंही तसंच फुगून येईल, असं गादीवाल्यालाच वाटू शकतं. मोटरीचं मला ठाऊक आहे. वरून बॉडी गुळगुळीत, एक ओरखडा नसतो, आणि आत तारेवरचा लेप कुठं उडाला ते उघडल्याशिवाय कळत नाही. डोकं तर उघडूनही बघता येत नाही.

तुमचं आधी सुईपाशी अडलं. दोरा ओवायला माझ्याकडे दिलात, नजर गेली म्हणालात. पण रस्त्यावरून जाणाऱ्या एसटीची पाटी तुम्ही बसल्या जागेवरून वाचत होतात. मग टाके वाकडे पडू लागले. मग गिऱ्हाइकाला दिलेली गादी अजून द्यायची राहिली असं वाटून तुम्ही दुसरी भरायला घेतलीत. मी तोवर चंद्रपूरला आलो होतो, रविवारी बसनं यायचो. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात दाखवू म्हटलं, तर तुम्ही शांतपणे म्हणालात, "जातो ना. सोमवारी जातो." आतून भाभी म्हणाल्या, "कोणता सोमवार ते इचारा त्याइले." तुम्हीही हसलात. पुढच्या वेळी पुन्हा सोमवारच निघाला. तुम्ही जाण्याआधी शेवटचा आलो तेव्हा तुम्हाला माझं नाव आठवलं नाही. मग थरथरता हात पुढं केलात आणि माझी हनुवटी छातीकडे दाबलीत. हाताला तेवढं आठवत होतं.

म्हणून माझ्याकडे एक नियम आहे. डोक्याला मार लागून कोणी गरगरलं, की त्याचा सराव बंद, पुढं कितीही मोठी स्पर्धा असो. जिवतीची एक मुलगी आहे, इथं खोली करून पोलीस भरतीची तयारी करते. ठोसा झेलायला माझ्याकडे तिच्याइतकं पक्कं कोणी नाही. मागच्या महिन्यात तिला एक बसला. ती हलली नाही, पण फेरी संपल्यावर दुसऱ्याच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. मी तिचे ग्लोव्ज सोडवले. स्पर्धा गेली. ती रडली, मग तोंड पुसून म्हणाली, "सर, मले थांबवलं. तुमी तं रोज आमच्यासमोर हात खाली सोडून मार खात उभे राह्यता. तुमाले कोण थांबवते?"

मी म्हटलं, माझं अंग मुरलेलं आहे, आणि तिला नियम समजावू लागलो. तिनं ऐकून घेतलं. मग आवाज उतरवून म्हणाली, "सर, हे तुमी आत्ताच सांगतलं होतं." मी तिच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. नव्हता.

तिला माहीत नाही ते तुम्हाला सांगतो. कॉइल गुंडाळताना गिऱ्हाइकाशी बोलता बोलता वेढे मनात मोजायचे, हा माझा तोरा होता. आता मी भिंतीवर खडूनं रेघा ओढतो.

तिनंच सरकारी दवाखान्यात चौकशी केली आणि डोक्याचे डॉक्टर कधी बसतात ते मला सांगितलं. मी म्हणालो, सोमवारी जातो. तोंडातून गेलं आणि तुमचं अंगण डोळ्यांपुढे आलं.

हा कागद टपालात टाकायचा नाही. घडी करून टोपीच्या आत ठेवीन. आज संध्याकाळी तिनं विचारलं, जाऊन आलात का सर? मी हो म्हणालो. गेलो नव्हतो, उस्ताद. आणि हो म्हणताना माझे डोळे मिटले.