पीळ सुटल्यावर

४ फेब्रुवारी

जिने चढताना छाती आवळते म्हणून अँजिओग्राफी झाली. हृदयाच्या रक्तवाहिन्या मोकळ्या — कुठेच अडथळा नाही! लॉन्ड्रीत परतल्यावर यांनी गिऱ्हाइकांसमोर जाहीर केलं, आमच्या बाईसाहेब ठणठणीत आहेत. मलाही बरं वाटलं.

५ फेब्रुवारी

तिसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंच्या चादरी द्यायला गेले. दुसऱ्याच मजल्यावर छाती आवळली. कठडा धरून उभी राहिले. जिने चढायचे ते मीच, कारण यांचा गुडघा! परतल्यावर सांगितलं, तर इस्त्रीवरून मान वर न करता म्हणाले, "रिपोर्ट चांगला आलाय. आता नाटकं पुरे."

रडले नाही. रागाच्या भरात सगळ्या शर्टांच्या घड्या उलट्या घातल्या, आणि मग मीच निस्तरल्या.

११ फेब्रुवारी

यांना न सांगता दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं, मग मशीनवर हृदय दाखवलं. रक्तवाहिन्या मोकळ्याच आहेत. पण हृदयातून रक्त बाहेर पडायची झडप कडक झालीय. ती उघडायला हृदय जिवाच्या आकांताने आवळतं. त्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या त्याच्याच स्नायूत — त्याही दाबल्या जातात. त्याला स्वतःला रक्त मिळतं ते मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात. जिना चढला की ठोके वाढतात, विसावा आखडतो.

मी म्हटलं, म्हणजे पिळून धरलेला टॉवेल! सैल सोडल्याशिवाय त्यात पाणी शिरेल कसं? त्या हसल्या. म्हणाल्या, "अगदी तसंच. झडप बदलू, पीळ सुटेल."

खोटं नव्हतं माझं! भर रस्त्यात रडले. आजार सापडला म्हणून आनंदाने रडणारी मीच पहिली असेन.

१२ फेब्रुवारी

यांना सांगितलं. हे रिकाम्या टेबलावर इस्त्री फिरवत राहिले.

२० मार्च

झडप बदलली. टाके ओढतात. हे रोज येतात आणि हॉस्पिटलच्या चादरींना नावं ठेवतात. नीळ जास्त झालीय म्हणे.

१८ जून

तिसरा मजला — न थांबता! शिक्षिकाबाईंनी पाणी पुढे केलं, तर मी म्हटलं, आधी चादरी मोजून घ्या. खाली येऊन यांना सांगितलं. म्हणाले, उद्या गाठोडं मी घेतो.

१९ जून

दुसऱ्या मजल्यावर हे थांबले. हात छातीवर. पायरीकडे बघत म्हणाले, "गुडघा कधी दुखतच नव्हता गं. हेच होत होतं."

तिथेच बसवलं, श्वास जागेवर येऊ दिला आणि थेट डॉक्टरीणबाईंकडे नेलं. नाटक म्हणायचं सुचलंच नाही.