दिव्यांखालची काच

दादा,

तुझ्या सत्काराचा फोटो पाहिला. खाली लिहिलंय, अतिनील किरणांना दाद न देणारा घेवडा शोधणारे संशोधक. मोठा आलास शोधणारा!

तुझ्या रोपघरात पाणी मी घालते. सुरुवातीला अतिनील किरणांच्या त्या दिव्यांखाली रोपं खुजी राहिली, पानं तांबूस होऊन आक्रसली. उजेडातून अन्न करायचं त्यांचं काम निम्म्यावर आलंय, असं तुझं यंत्रच सांगत होतं. माझे हातही भाजल्यासारखे लाल व्हायचे. मग पाण्याचे शिंतोडे उडून दिवे फुटू नयेत म्हणून तू त्यांच्याखाली खिडकीची काच बसवलीस. नेमकं तेव्हाच नवं बियाणं पेरलंस. घेवडा तरारला, तू बियाण्याला डोक्यावर घेतलंस. पण माझे हातही बरे झाले होते.

मी म्हटलं, "दादा, ते किरण काचेतून खाली पोचतच नसतील."

तू सगळ्यांसमोर हसलास. "तू आपलं पाणी घाल. अक्कल पाजळू नकोस."

काचा पुसायचं कामही माझंच. गेल्या सोमवारी पुसायला काढल्या, त्या परत लावल्याच नाहीत. तुला पत्ता नाही. रोपांकडे बघायला तुला फोटोतून सवड कुठे?

उद्या उंच डोंगरावरचे, जिथे हे किरण जास्त पडतात तिथले शेतकरी बियाणं न्यायला येणार आहेत. त्यांना घेऊन आत येशील, तेव्हा पानं बघ. हे पत्र मी देणार नाही, माझ्या अकलेचं तू काय करणार!

माझे हात पुन्हा लाल झालेत.

फक्त पाणी घालणारी,
तुझी धाकटी बहीण