सोनाळ्यातल्या इटालियन खुर्च्या

पुणे, ५ एप्रिल २०२४

ती. आबांना, सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि आई अर्धंच सांगते, म्हणून हे पत्र. टेम्पोने दोन खुर्च्या पाठवते आहे. इटलीत घडवलेल्या, जुन्या, कोरीव आणि खऱ्या सोन्याचा वर्ख लावलेल्या. वर्षभर खपून मी त्या दुरुस्त केल्या. माझ्या खोलीला ओल आली आहे, म्हणून त्या तोवर तुमच्याकडे ठेवा. मे महिन्यात येऊन त्या मुंबईच्या एका संग्राहक बाईंकडे नेईन. त्यांना पसंत पडल्या तर या धंद्यात माझं नाव होईल, नाहीतर जन्मभर सोफ्यांच्या गाद्या बदलायच्या. वर्ख नाजूक आहे. कोणी बसू नये, तुम्हीसुद्धा.

माया राहू द्या.
तुमची प्रेरणा

सोनाळा, २१ एप्रिल

चि. प्रेरणास, अ. उ. आ.

खुर्च्या पोचल्या. कोणी बसलं नाही. पण उतरवताना गावाने पाहिल्या, आणि अशा खुर्च्या आपल्याकडे फक्त मंडपवाल्याकडे असतात, नवरा-नवरीसाठी. शेजारची जनकाबाई लगेच आली आणि पोरीचं जमलं तं मले काऊन नाही सांगितलं म्हणून रुसली. तुझी आई नुसती हसली. तुझ्या लग्नाचं विचारून ज्यांनी तिला हैराण केलं, तेच अभिनंदन करत होते. तिला तो गैरसमज मोडवेना. बायका पापड-कुरड्या करून गेल्या. मला घरोघरी जेवणाची बोलावणी आली. माझ्यावर लोकांचा जीव आहे, या समजुतीत मी पार वरवट बकाल गावाला जाऊन पुरणपोळ्या खाल्ल्या. काल जेवू घालताना गावातल्या किसनरावांनी मुलगा काय करतो विचारलं, तेव्हा कळलं की ती तुझी केळवणं होती.

रागाव, पण उत्तर धाड.
तुझे आबा

पुणे, २६ एप्रिल

ती. आबांना, सा. न.

मला लग्न करायचं नाही, हे आईला माहीत आहे. पापड वाळले म्हणून ते बदलणार नाही. गावाला स्पष्ट सांगा. मी पंधरा मेला येते. तोवर खुर्चीवर बसवायला कोणी नवरदेव शोधू नका. आईवर मी रागावलेली नाही. खरं तर आहे, पण पापड ठेव म्हणावं.

तुमच्या पुरणपोळ्यांचं कारण,
प्रेरणा

सोनाळा, ६ मे

चि. प्रेरणास, अ. उ. आ.

गावाला सांगितलं. पण केळवणं खाल्लेली, परत जेवू घालणं भागच होतं. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून काल पंगत घातली. जेवणं झाल्यावर भावकीने आम्हाला धरून खुर्च्यांवर बसवलं. माफ कर. फोटो निघाल्याबरोबर मी उठलो. तुझी आई उठेना. आमचं लग्न पाटावर लागलं, आणि तेव्हापासून मी खाटेवर, ती खाली. माझ्या शेजारी, माझ्या उंचीवर ती काल पहिल्यांदा बसली. मंडळी गेल्यावर तिने मला परत बसायला सांगितलं, मी बसलो. मला फार बरं वाटलं आणि तितकंच वाईटही.

तिच्या खुर्चीच्या उजव्या हाताचा थोडा वर्ख तिच्या लुगड्याला लागला आहे. दुरुस्त होतो का पाहा. खुर्च्या घेऊन जा, नाव कर. मग आमच्यासाठी दोन बनव, साध्या बाभळीच्या. सोनं नको, उंची तेवढी सारखी ठेव.

आईचेही आशीर्वाद. सकाळचा चहा तिने खुर्चीवरच मागितला. मी करून दिला, ती अजून खुर्चीवरून उठलेली नाही.

तुझे आबा