अंजनाला हिंडवायचं

६ जानेवारी १९७४, रविवार

नाही म्हणाली. पुन्हा नाही!

म्हटलं, मंगळवारी सांगलीला जाऊ. गणपतीचं दर्शन घेऊ, घाटावर बसून भाकरी खाऊ, सांजच्या यष्टीनं कुंडलला परत. तिकिटाला काय पैसे पडतात ते, बाकी खर्च नाहीच. तर म्हणते, "आवं, म्हशीचं कोन बगंल?"

म्हैस! सगळी उमर पलटणीत गेली. वर्षातून एकदा रजेवर यायचो, तेव्हा दर खेपेला हिला सांगायचो — पेन्शन झाली की तुला हिंडवीन. तेव्हा मान डोलवायची. आता पेन्शन झाली तर मध्ये म्हैस आडवी. पोरगा मानसिंग ऊसतोडीत आहे, कबूल. पण सून घरात आहे ना! तिला म्हशीला पाणी दाखवता येत नाही?

८ जानेवारी

एकटाच जाऊन आलो. घाटावर बसलो. भाकरी तशीच बांधून परत आणली. एकट्यानं कसली मजा!

१२ जानेवारी, शनिवार

आज तर डोक्यात राख घालून घ्यायची पाळी आली.

ठरवलं, हिला विचारत बसायचंच नाही. सरळ हुकूम. सकाळी उंबऱ्यातूनच म्हटलं, "ऊठ, लुगडं बदल. साताऱ्याला जायचंय." साताऱ्याला हिचा भाऊ असतो, आप्पासो. ही मटकन खाली बसली. म्हणाली, "कोन गेलं?"

म्हटलं, कोणी गेलं नाही, आपण जायचं. पण ऐकणार कोण! हंबरडाच फोडला. शेजारची साळूबाई धावत आली आणि न विचारता गळ्यात पडून रडायला लागली. मग बनुबाई. मग अख्खी गल्ली. नाथाजी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो, "कवा झालं, सुबेदार?"

मी ओरडलो, "अरे, फिरायला चाललोय!"

मग साळूबाई डोळे पुसून मलाच झाडायला लागली. "आसं सांगत्यात व्हय? आमी बायका यष्टीत बसतो ती मयतीला, न्हाईतर लेकीच्या बाळतपनाला. कारन न सांगता लुगडं बदल म्हनला तर काय समजायचं?"

म्हणजे चूक माझीच! यष्टी गेली. दुपारी बनुबाईकडून पिठलं-भाकरी आली. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून तिनं आधीच थापायला घेतलेली, आता वाया कशाला घालवा! मुकाट्यानं खाल्ली. पिठलं झकास होतं, त्याचाही राग आला.

२० जानेवारी, रविवार

अखेर आली. आधी चार दिवस तोंड वाजवावं लागलं, पण आली.

साताऱ्यात उतरल्याबरोबर आप्पासोकडे. त्याच्या तोंडावरून हात फिरवून फिरवून बघितलं, जिवंत आहे याची खात्री करून घेतली. मग अजिंक्यतारा चढायला घेतला. मी पुढं, ही मागं. वाटेत एका चिंचेखाली बसली आणि चिंचा वेचायला लागली! म्हटलं, ऊठ, ऊन वाढतंय, चिंचा कुंडलात काय कमी आहेत? वर नेऊन सगळं दाखवलं — तो राजवाडा, तो यवतेश्वर, ती कृष्णा. बघितलंस का? "व्हय." दिसलं का? "व्हय." मग झपाझप उतरवून माहुलीच्या संगमावर नेलं. तिथंही "व्हय."

परतीच्या यष्टीत विचारलं, आवडलं का? म्हणाली, "पाय दुकत्यात."

एवढंच! मी हिच्यासाठी जीव टाकतो, आणि हिचे पाय दुखतात. दगडाला पाझर फुटेल, हिला नाही.

२३ जानेवारी

ती बोलत नाही. मीही बोलत नाही.

२७ जानेवारी

दुपारी आडवा झालो होतो. तिला वाटलं झोप लागली. परड्यात साळूबाईला सांगत होती, "अगं, त्येंच्यासंगं जायाचं म्हंजे कवायत. हे बघ, ते बघ, ऊठ, चल. घटकाभर बसून सुपारी कातराय मिळंना."

कवायत! अंगाचा तिळपापड झाला. उठून विचारणार होतो, एवढ्या लांबून घरी आलो ते कुणासाठी? पण साळूबाईसमोर शोभलं नसतं. संपलं. आता मी कुठं नेणार नाही. बस म्हणावं म्हशीपाशी.

मला वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू.

३ फेब्रुवारी, रविवार

अंजना औदुंबरला गेली. साळूबाई आणि बनुबाईसंगं. मला विचारलं नाही, नुसतं सांगितलं, "जेवन झाकून ठेवलंय."

दिवसभर धुमसत होतो. सांजेला रस्त्यावर कुणी बाई खदाखदा हसत येत होती, पार चावडीपर्यंत ऐकू जाईल असं. कुणाच्या घरची ही, काही रीतभात आहे की नाही, म्हणून दार उघडून बाहेर आलो.

अंजना होती. लग्नाला एवढी वर्षं झाली, तिचं हसणं मला ओळखू आलं नाही.